डॉलरची पाटी आणि चार सह्या

डॉलर हा शब्द ओतकार व्हर्बा यांच्या घरापासून चारशे बारा पावलांवर, जुन्या टाकसाळीत जन्मला. पावलं त्यांनी स्वतः मोजली होती, तीनदा. एकदा गुडघा धरलेला असताना चारशे तीस भरली होती, पण ती त्यांनी जमेस धरली नाहीत. वनखात्यात इंजिनिअर म्हणून छत्तीस वर्षं झाडांचे घेर मोजण्यात गेलेली. मोजमापात त्यांचा हात धरणारा चेक देशातल्या याखिमोव गावात कोणी नव्हता, आणि कोणी धरायला आलंही नव्हतं.

गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणूनच तिचं कुणाला काही वाटत नाही. पाचशे वर्षांपूर्वी या डोंगरात चांदी निघाली, तिची जाडजूड नाणी पडली, आणि तेव्हा गावाचं नाव जर्मनमध्ये योआखिम्सताल, म्हणजे संत योआखिमचं खोरं, म्हणून नाण्याला लोक योआखिम्सतालर म्हणू लागले. एवढं नाव घेईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं. तेव्हा पुढचा संत गळला आणि मागचा तालर राहिला. तालर हॉलंडला गेला, तिथून समुद्रावर गेला, आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचा डॉलर झाला होता. अर्थ मात्र तोच: खोऱ्यातला. मराठीत त्याला सरळ खोरेकर म्हटलं असतं. ज्याच्यासाठी जग एकमेकांच्या उरावर बसतं, त्याच्या नावात एवढंच आहे, की गडी कुठला, तर खोऱ्यातला.

ओतकारांची मुलगी यिट्का हीही खोऱ्यातलीच, पण ती ते सांगत नसे. खंत होती ती हीच. ती ओहायोत राहते, नवरा वेस्ली तिकडचाच. एका रविवारी व्हिडिओवर बोलणं चालू असताना वेस्लीकडे पाहुणे आले, आणि त्यांतल्या एका बाईंनी यिट्काला विचारलं, की तू मूळची कुठली. यिट्का म्हणाली, प्राग. प्रागमध्ये ती चार वर्षं शिकायला होती, तेही आठवड्याच्या शेवटी मळके कपडे घेऊन आईकडे येत होती. ओतकारांना इंग्रजी बेताचं येतं, पण प्राग हा शब्द इंग्रजीतही प्रागसारखाच ऐकू येतो. त्यांनी घाईघाईने डॉलरची गोष्ट काढली. वेस्ली मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, बाबा, डॉलर तर आमचा. यिट्काने ते चेकमध्ये करून सांगितलं आणि स्वतःही हसली. ती हसली, हे ओतकारांच्या जिव्हारी लागलं.

जूनमध्ये दोघं युरोपात येणार होती आणि याखिमोवला एकच दिवस थांबणार होती, सोमवारी. म्हणजे जगातली बहुतेक संग्रहालयं, टाकसाळीतलंही, ज्या दिवशी कुलूप लावून बसतात त्याच दिवशी. तेव्हा ओतकारांनी ठरवलं की आपल्या घराच्या भिंतीवर दगडी पाटी लावायची. तीवर शब्दाचा जन्म, त्याचा अर्थ आणि त्याचा प्रवास. मुलगी दारात उतरेल, वाचेल, आणि पुन्हा कुणी विचारलं तर प्राग म्हणणार नाही. बायको ब्लांका म्हणाली, कागदावर लिही आणि फ्रिजला लाव, फ्रिजशी तर ती येतेच. ओतकारांनी या सूचनेला उत्तर देण्याचंही टाळलं.

पण घराची भिंत घरातल्या माणसाची नसते, हे त्यांना लगेच कळलं. इमारतीत चार फ्लॅट, भिंत चौघांची. गावाचा हा भाग जुना म्हणून कचेरीची परवानगी लागणार, आणि कचेरीतल्या बाई म्हणाल्या की आधी चारही मालकांच्या सह्या आणा. मग त्यांनी विचारलं, की ही पाटी आहे की स्मारक. पाटीला पिवळा अर्ज, स्मारकाला पांढरा. ओतकारांनी विचारलं की फरक काय. बाईंनी बराच विचार केला आणि सांगितलं की पाटीवर माहिती असते आणि स्मारकावर लोक फुलं ठेवतात. फुलांची शक्यता ओतकारांना अगदीच नाकारता येईना, म्हणून ते दोन्ही अर्ज घेऊन घरी आले.

पहिल्या मजल्यावरच्या कुबेशोवाबाई घरमालक संघाच्या अध्यक्ष. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या, त्यामुळे पाकीट बघून आतलं पत्र ओळखण्याची त्यांना सवय. अर्ज त्यांनी आधी उजेडात धरला, मग उलटा केला.

"इंजिनिअरसाहेब, यात तुमचा फायदा काय?" त्यांनी विचारलं.

फायदा काहीच नाही, असं ओतकार म्हणाले. तिथेच चुकलं. याखिमोवमध्ये फायद्यासाठी काही करणारा माणूस समजू शकतो. फायदा नाही म्हणणारा हमखास काहीतरी लपवत असतो. गावाचा अनुभवही तसाच. आधी चांदीसाठी लोक आले, मग युरेनियमसाठी, आणि दर वेळी वरून आलेल्या साहेबांनी हेच सांगितलं होतं की जमिनीखाली विशेष काही नाही. कुबेशोवाबाईंनी अर्ज फायलीत ठेवला आणि विचार करते म्हणाल्या. दुपारपर्यंत इमारतीत दोन मतं झाली होती. एक, व्हर्बा फ्लॅट अमेरिकनांना विकतोय आणि त्याआधी घराला भाव चढवतोय. दुसरं मत डुफेकचं.

डुफेक ओतकारांच्या खाली राहतो. गरम झऱ्यांच्या आरोग्यधामात तो वायरमन होता, आणि वडिलांकडून वारशाने त्याला किरणोत्सर्ग मोजायचं एक टिकटिकणारं यंत्र मिळालंय, जे तो लोकांच्या नव्या कपाटांना, गाड्यांना आणि एकदा वरच्या मजल्यावरच्या मालिनोवाबाईंच्या केकलाही लावून बघतो. त्याचं म्हणणं असं, की तळघरात ओतकारांच्या बटाट्याच्या खोलीमागे जुन्या चांदीच्या खाणीचं भुयार निघालेलं असणार. उगाच कोण नाण्यांच्या गोष्टी काढतो? त्या दिवसापासून डुफेकला तळघरात वारंवार काम निघू लागलं. ओतकार लोणच्याची बरणी आणायला उतरले की हा तिथे बल्ब तपासत उभा. बल्ब चांगला असायचा.

हा माझ्यावर पाळत ठेवतोय, असं ओतकारांच्या मनाने घेतलं. त्यांनी बटाट्याच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं. बटाट्यांना दोन कुलपं लागलेली बघून डुफेकची खात्रीच पटली, आणि त्याने आपल्या खोलीला तीन लावली. मग डुफेकला काय सापडलंय, या विचाराने ओतकारांची झोप उडाली. ब्लांका म्हणाली, त्याला काहीही सापडलेलं नाही. "तुला कसं माहीत?" ओतकारांनी विचारलं, आणि बायकोकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

मालिनोवाबाईंची गोष्ट निराळी. त्यांचे आईवडील सेहेचाळीस साली दोन पेट्या आणि एक शेळी घेऊन या घरात आले, इथल्या जर्मनांना सरकारने सीमेपलीकडे घालवून दिल्यानंतर. अजूनही दारासमोर जर्मन नंबराची गाडी उभी राहिली की बाई पडदा ओढतात आणि चांदीचे चमचे पिशवीत भरतात. पाटीच्या मजकुरात योआखिम्सताल हे जुनं नाव वाचून त्या खुर्चीत बसल्या. एवढं नाव भिंतीवर लिहिलंत तर जुन्या मालकांच्या नातवंडांना पत्ता हाताने दिल्यासारखं होईल, त्या म्हणाल्या. ओतकारांनी समजावलं की पत्ता त्यांना आहे, नातवंडं दर उन्हाळ्यात येऊन फोटो काढून आइस्क्रीम खाऊन जातात. तेव्हा मालिनोवाबाईंनी विचारलं, की हे तुम्हाला इतकं तपशीलवार कसं ठाऊक.

मे संपत आला. सही एकही नाही. पण दगड तोवर सांगून झाला होता, कारण ब्लांकाचा भाऊ आलोइस दगडाचंच काम करतो आणि त्याने घरच्या माणसाला घरच्यासारखं करून देतो म्हटलं होतं. घरच्यासारखं म्हटलं की ओतकार सावध व्हायला हवे होते; पण उत्साहाच्या भरात झाले नाहीत. आलोइस करतो ती थडगी. त्याला थडग्यांपलीकडे काही कोरायची वेळ आलेली नाही, आणि तिकडे मरण्याआधीच आपला दगड नाव कोरून तयार ठेवण्याची पद्धत असल्यामुळे जिवंत माणसांची गिऱ्हाइकीही भरपूर.

गुरुवारी सकाळी काळ्या ग्रॅनाइटची शिळा आली, पोत्यात गुंडाळलेली, आणि खालच्या जिन्याशी भिंतीला टेकवून ठेवली. पोतं वरून घसरलं होतं. उघड्या भागात होतं ते असं: डाव्या कोपऱ्यात वाकलेली ताडाची फांदी, उजव्या कोपऱ्यात दिवा बसवायचं भोक, आणि मधोमध मोठ्या सोनेरी अक्षरांत 'इंजिनिअर ओतकार व्हर्बा'. पाटी कुणी लावली ते खाली बारीक अक्षरांत टाक, असं ओतकारांनी सांगितलं होतं; पण नाव वर आणि मोठं हा आलोइसचा चाळीस वर्षांचा हात, तो गेला वर. नावाखाली एक चांदणी. चांदणी म्हणजे जन्म, ही खूण तिथल्या प्रत्येक थडग्यावर असते. शब्दाच्या जन्माचं साल तिच्यापुढे होतं, पण ते पोत्यात.

ओतकारांना आलोइसचा इतका राग आला की त्यांनी त्याला फोनवर नातेवाईक मानायला नकार दिला. बाकी कशाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्याच दुपारी मालिनोवाबाई केक घेऊन आल्या. दारात त्यांचे डोळे भरून आले, केक हातात दिला आणि काही न बोलता गेल्या. संध्याकाळी डुफेकने मांसाच्या रश्शाचं पातेलं आणून ठेवलं आणि ओतकारांच्या खांद्यावर हात ठेवला. पस्तीस वर्षांत डुफेकने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. शुक्रवारी कुबेशोवाबाईंनी स्वतःहून अर्ज मागून घेतला, सही केली, आणि म्हणाल्या की माणसाची एवढी इच्छा आपण पुरी करू शकत नाही म्हणजे काय.

ओतकारांनी रस्सा आधी हुंगला. केकचा बारीक तुकडा ब्लांकाला दिला आणि पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत बसले. या लोकांना काय हवंय? आज रस्सा देतायत, उद्या तळघर मागतील. शेवटी उलगडा ब्लांकानेच केला. ती बेकरीत गेली तेव्हा दुकानदारीणबाईंनी पावासोबत तिचा हात हातात घेतला होता आणि विचारलं होतं, डॉक्टरांनी किती दिवस दिलेत.

"अख्ख्या गावाला वाटतंय की तू चाललास," ब्लांका म्हणाली. "आत्ता खाली जा आणि सांग."

ओतकार खाली निघालेही. पण दुसऱ्या जिन्यावर मालिनोवाबाई पेन घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, की सही नेमकी कुठे करू. आता इथे एका सज्जन, निवृत्त, कर वेळेवर भरणाऱ्या गृहस्थाने काय करायला हवं होतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी जागा दाखवली आणि खोकले. खोकला चांगला साधला नाही, पण बाईंनी सही केली. डुफेकला तर खोकावंही लागलं नाही. त्याने सही करताना एवढंच विचारलं, की बटाट्याच्या खोलीच्या चाव्या मागे कुणाकडे राहणार. त्या रात्री ओतकारांना आपली शरम वाटली. सोमवारनंतर सगळ्यांना खरं सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि लाज अर्धी केली.

शनिवारी कपडे वाळवायच्या खोलीत संघाची बैठक झाली. कुबेशोवाबाईंनी सह्या वाचून दाखवल्या. कुबेशोवा, डुफेक, मालिनोवा. आणि ओतकार पेन उघडून पुढे सरकले तेव्हा बाईंनी फायलीवर हात आडवा ठेवला. आवाज हळू होता, दुखणेकऱ्याशी बोलतात तसा.

"इंजिनिअरसाहेब, तुमची नाही चालणार. मालकाची लागेल. फ्लॅट मुलीच्या नावावर आहे तुमच्या."

खरंच होतं. निवृत्त झाले त्या वर्षी ओतकारांनी, तिकडचे सगळे आईबाप करतात तसं, फ्लॅट मुलीच्या नावे केला होता आणि स्वतःसाठी मरेपर्यंत राहण्याचा हक्क लिहून घेतला होता. पुढे वारसाची कटकट नको म्हणून. करून विसरूनही गेले होते. पस्तीस वर्षं ज्यांनी तो जिना आठवड्याच्या पाळीने पुसला, कुंड्यांना पाणी घातलं, मालिनोवाबाईंच्या नळाचं पाणी झेललं, त्यांचं या इमारतीत मत नव्हतं. ते राहणारे होते. पेन त्यांनी बंद करून खिशात घातलं. आयुष्यभर ते शेजाऱ्यांवर संशय घेत आले, आणि कागद मात्र त्यांनी स्वतःच्याच हाताने सही करून दिला होता. कुणाला दोष द्यायचीही सोय नव्हती.

सोमवारी पाटी भिंतीवर नव्हती. शिळा जिन्याशी तशीच टेकलेली. ब्लांकाच्या मते यिट्काने येताच सही केली तर आलोइस दुपारपर्यंत चार खिळ्यांवर ती चढवेल, कचेरीचा शिक्का मागाहून आणता येईल. अकराला गाडी थांबल्याचा आवाज आला. ओतकारांनी चांगला कोट चढवला, बूट सापडेनात म्हणून घरातल्या सपातांवरच निघाले, आणि गुडघ्यामुळे दोन मजले उतरायला वेळ लागला. तेवढा वेळ कुबेशोवाबाईंना पुरला.

ते खाली पोचले तेव्हा यिट्का शेवटच्या पायरीवर बसली होती आणि तिचा चेहरा भिजला होता. वेस्ली दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभा होता, कुठे ठेवाव्यात ते न कळून. कुबेशोवाबाईंच्या हातात फाईल होती, त्यांच्या मागे मालिनोवाबाई रुमाल धरून, आणि डुफेक कठड्याला टेकून. तीन सह्यांचा कागद फायलीच्या वरच होता.

"बाबा, फोनवर का नाही सांगितलंस?" यिट्का म्हणाली. "मी कधीच आले असते. काम सोडून आले असते."

एक खोकला, आणि पाटी दुपारपर्यंत भिंतीवर. ओतकारांच्या मनात हे आलं, नाही असं नाही. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"मी मरत नाहीये," ते म्हणाले. "मला काहीही झालेलं नाही. गुडघा सोडला तर."

मग कुबेशोवाबाईंनी फाईल उघडली, शिसपेन काढली आणि तिन्ही सह्यांवर एक आडवी रेघ मारली, पोस्टात रद्द तिकिटावर मारतात तशी. डुफेक म्हणाला की त्याला पहिल्यापासून वाटत होतं, आणि रश्शाचं पातेलं रिकामं असेल तर परत द्या. मालिनोवाबाईंनी रुमाल घडी करून बाहीत ठेवला. त्यांना ओतकार जिवंत राहणार याचा आनंद झाला होता, पण केकबद्दल वाईट वाटत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

यिट्का डोळे पुसून उभी राहिली. आता तिच्याही कपाळाला आठी पडली होती, आणि ती आठी ओतकारांनी गेले दोन महिने प्रत्येक मजल्यावर पाहिली होती.

"मग हे सगळं कशाला? हा दगड, ह्या सह्या. खरं सांग, घर विकायचंय का तुला?"

सगळे कान टवकारले गेले. ओतकारांनी तयार करून ठेवलेलं भाषण होतं. त्यात नाणी पाडणारे श्लिक सरदार होते, हॉलंड होतं, टाकसाळ होती. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"तुला कुणी विचारलं की तू कुठली, तर तू प्राग म्हणतेस," ते म्हणाले. "मी ऐकलं. मला वाटलं, हे वाचलंस तर इथलं नाव घ्यायला तुला लाज वाटणार नाही."

यिट्का शिळेपाशी गेली, खाली बसली आणि पोतं ओढून काढलं. ताडाची फांदी, बापाचं नाव, चांदणी आणि तिच्यापुढचं साल, आणि खाली दाटीवाटीने कोरलेला सगळा मजकूर. ती अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागली आणि वेस्लीला इंग्रजीत सांगू लागली. त्याने बॅगा ठेवल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर मांडी घातली. तालर या शब्दापाशी ती थांबली. त्याचा अर्थ तिने एकदा सांगितला, मग जरा वेळाने छातीवर बोट ठेवून म्हणाली, म्हणजे मी. एवढं इंग्रजी ओतकारांना येत होतं.

वेस्लीने हात पुढे करून ग्रॅनाइट चाचपला, कडेवरून अंगठा फिरवला, दिव्याच्या भोकात बोट घातलं आणि काहीतरी विचारलं. यिट्का हसत हसत, नाक ओढत उत्तर देऊ लागली.

"काय बोलतायत?" डुफेकने हळूच विचारलं.

"सौदा ठरतोय," कुबेशोवाबाई म्हणाल्या. "बघा ना, जावई माल हात लावून तपासतोय."

ओतकारांनी ते ऐकलं आणि दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण मुलगी पुन्हा वाचू लागली होती, म्हणून त्यांनी तोंड मिटलं.